ट्रकवरची पेटी

अंबडच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात इंजिनिअर संघर्ष पाच वर्षं एकाच पेटीपाशी राबत होता. ट्रकवर बसणारी रेलगन, म्हणजे दारूऐवजी विजेच्या धक्क्यानं गोळा फेकणारी तोफ. तो धक्का एवढा मोठा की ट्रकवरचा जनरेटर एकदम देऊच शकत नाही. म्हणून ही कपॅसिटरची पेटी. मिनिटभर वीज साठवायची आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळी तोफेत ओतायची. पेटी ट्रकमध्ये मावेना, तेव्हा संघर्षनं आतले वीज अडवणारे इन्सुलेटर दोन बोटं आखूड केले. गणितात बसत होतं. फक्त ते कोरडे, स्वच्छ राहायला हवेत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी होती. ती फसली तर प्रकल्प बंद, हे मालक ललितसरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

खंडेनवमीला फिटर कोंडाजीनं उघड्या पेटीवर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडून पाणी शिंपडलं. एक लाल ओघळ इन्सुलेटरवरून खाली उतरला. संघर्षनं फडकं उचललं.

"आज पुसू नका, साहेब. दसरा होऊ द्या."

"अहो, पेटी आत्ताच बंद करून ट्रकवर चढवायचीय."

"मग बरंच हाय की! देव आतच बसंल. चाचणीला संगं येईल."

सगळे हसले. स्टोअरमधला राकेश म्हणाला, "कोंडाजीभाऊ, साहेबांना आपले देव चालत नाहीत, विसरलात का?"

गेल्या वर्षी संघर्षनं टिळा नाकारला होता. आपल्या बौद्ध घरात हे करत नाहीत, एवढंच सांगितलं होतं. तर महिनाभर जो तो त्याच्याशी कामापुरतं बोलत होता. प्रश्न देवाचा नाही, नारळपाण्यातल्या वीज वाहून नेणाऱ्या क्षारांचा आहे, असं आता म्हणावं? कोण ऐकणार? त्यानं फडकं खिशात घातलं आणि झाकणाचे बोल्ट स्वतःच आवळले.

चाचणीच्या सकाळी मैदानावर दव होतं. मीटरचा आकडा चढत गेला. पूर्ण भरायच्या आतच पेटीत ठो झालं. झाकणाच्या फटीतून पांढरा लखलखाट, मग काळा धूर. कुणाला लागलं नाही. गोळा जागचा हलला नाही.

झाकण काढलं, तर ओघळाच्या वाटेनंच कोळशाची रेघ उमटलेली. कोंडाजीनं वाकून पाहिलं आणि तो खालीच बसला.

"माझ्यामुळं झालं का वो, साहेब?"

कोंडाजीच्या नोकरीची दोनच वर्षं उरली होती.

"नाही. इन्सुलेटर आखूड पडले."

रिपोर्टमध्येही त्यानं तेच लिहिलं. ते खोटं नव्हतं, हेच जास्त लागत होतं.

"म्हणजे डिझाइनच चुकलं?" ललितसरांनी विचारलं.

"हो, सर."

"पाच वर्षं, संघर्ष."

सोमवारी पेटी सुटी करायला घेतली. कोंडाजी बोल्ट सोडत होता, संघर्ष खालून कपॅसिटर धरत होता.

"याच्यावर नंबर टाकून ठेवू का?" कोंडाजीनं विचारलं. "परत जोडताना घोळ नाय व्हायचा."

"परत जोडायची नाहीये," संघर्ष म्हणाला.