बिनदिव्याची खोली

माझ्या उजव्या मनगटावर एक तांबूस डाग आहे. बांगड्या मागे सारल्या की दिसतो. पोळी भाजताना चटका बसला असेल, असं लोक धरून चालतात. मी सांगते, हा तव्याचा नाही, बंदुकीचा आहे. मग ऐकणाऱ्याला वाटतं, बाई शिकारीला जात होती. मी आयुष्यात एकदाही बंदूक हातात धरली नाही. पण बंदुकीची काडतुसं कुठे भरायची, कशी भरायची आणि भरताना काय उंबऱ्याबाहेर ठेवायचं, हे आमच्या घरात मी ठरवलं.

माझं सासर धामणगाव बढ्यापासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी. महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि मी नुकतीच त्या घरात आले होते. डोंगरातून रानडुकरं उतरायची. भुईमूग तर ती अशी उकरायची की पाहणाऱ्याला वाटावं, नांगर फिरलाय. पिकाच्या राखणीसाठी माझ्या सासऱ्यांकडे, म्हणजे मामाजींकडे, परवान्याची दुनळी बंदूक होती. परवान्यावर काडतुसं मिळायची थोडी, डुकरं मात्र बेसुमार. म्हणून उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी ते जपून ठेवत आणि घरीच पुन्हा भरत. बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, बंदुकीची दारू घालायची, वर जुन्या नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती ठासायची, मग छर्रे. हे काम त्यांना सुरेख यायचं. फक्त ते करायचे कुठे, तर स्वयंपाकघरात, चुलीपासून तीन हातांवर पाट मांडून.

याला त्यांच्याकडे कारण होतं. पावसाळ्यात दारूला ओल लागते आणि घरातली एकच जागा खात्रीनं कोरडी, ती म्हणजे चुलीजवळची. त्यांचे वडीलही तिथेच बसून भरत. वडिलांनी केलं ते बरोबरच असणार, असा त्या घराचा एकूण हिशोब.

माझे वडील मलकापूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात कामाला होते. आम्ही त्याला जिन म्हणायचो. जिनच्या फाटकावर एक म्हातारा राखणदार बसायचा आणि आत जाणाऱ्याची आगपेटी काढून घ्यायचा. शेठ असो की हमाल. वडिलांचा डबा घेऊन मी जायची, तर तो माझीही ओंजळ उघडून बघायचा. लहानपणी मी कापसाची गंजी जळताना पाहिली आहे. एका बिडीनं पेटली आणि तीन दिवस विझत नव्हती. त्यामुळे विस्तव आणि जळणारी वस्तू एका छपराखाली दिसली की मी आधी दोघांमधलं अंतर मोजते. आजही मोजते.

सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. डोक्यावरून पदर, नजर खाली आणि तोंड बंद. म्हणून पहिलं वर्ष मी गप्प बसले. भाकरी थापायची, चुलीकडे बघायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तो दारूचा डबा बघायची.

श्रावणात मला पाचवा महिना होता. लाकडं ओली होती आणि मी फुंकणीनं जाळ फुलवत होते. एक ठिणगी उडाली. मामाजी भरत बसले होते त्या पाटाजवळ दारू सांडलेली होती, चिमूटभरच असेल. भस्सकन पांढरा धूर झाला. माझं मनगट भाजलं, लुगड्याचा काठ जळाला आणि मामाजींची डावी भुवई गेली. डब्याला झाकण होतं म्हणून आज हे सांगते आहे.

मामाजींनी भुवई चाचपली, सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाले, "काई झालं नाई. थोडीशी सांडेल होती."

ते 'काई झालं नाई' माझ्या जे डोक्यात गेलं, ते गेलं. हाताची आग होत होती, पण राग त्याहून मोठा होता. या घरात माझं लेकरू जन्माला येणार, रांगणार, जे सापडेल ते तोंडात घालणार, आणि त्याच्या अंगावर आग पडली तरी हा माणूस म्हणणार, थोडीशी सांडेल होती. मी मनाशी ठरवलं, विस्तव आणि दारू या दोघांपैकी एकच या स्वयंपाकघरात राहील.

दारू बाहेर काढायचा अधिकार मला नव्हता. विस्तवाचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात लिंबाखाली तीन दगड मांडले आणि स्वयंपाक बाहेर सुरू केला. पाऊस होताच. डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन मी भाकरी थापत होते. अंगण रस्त्याला लागून, त्यामुळे येणारीजाणारी प्रत्येक बाई थांबायची.

"काऊन ओ बाई, पाण्यापावसात भाईर सैपाक करून राह्यली?"

"घरात बंदुकीचा सैपाक चालू हाये," मी म्हणायची, "म्हनून माहा भाईर."

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, माझ्या आणि बापाच्या मध्ये उभे राहून दोन्हीकडे बघत. सासूबाई मात्र दुसऱ्या दिवशी पाट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. भाकऱ्या शेकू लागल्या. मला ते पुरलं.

तिसऱ्या दिवशी पाटलांच्या घरून निरोप आला, तुमच्या घरात पडझड झाली का? मामाजींना तो निरोप झोंबला. ओसरीवर बसून ते सासूबाईंना म्हणाले, मला ऐकू जाईल अशा आवाजात, "विचार तिले, काय पायजे तिले."

"खोली पायजे," मी सासूबाईंना सांगितलं. त्या मामाजींपासून पाच हातांवर होत्या आणि मी त्यांच्यापासून दोन.

"गोठ्याजवळची कडब्याची खोली देऊन टाक," मामाजी म्हणाले. "पन सांग तिले, तिचंच डोकं चालते तं तिनंच मांडावं समदं. मी काडीले हात लावनार नाई."

त्यांना वाटलं, ही दोन दिवसांत थकेल. पोटुशी बाई, काय खोली मांडणार! मी पदर खोचला.

कडबा हलवला. जोतं हातभर उंच करून घेतलं, म्हणजे खालची ओल चढू नये. समोरासमोर दोन खिडक्या पाडल्या, उंचावर, वारा आरपार जावा अशा. भरण्याचं काम दिवसाउजेडीच करायचं, कंदिलाची गरजच पडू नये, हा त्यातला हेतू. जमिनीवरून सासूबाईंशी वाद झाला. त्यांना शेणानं सारवलेली हवी होती. घरातली जमीन आणि बिनसारवणाची, म्हणजे ते घर का स्मशान? पण सारवलेल्या जमिनीवर सांडलेली काळी दारू दिसतच नाही, आणि न दिसलेल्या चिमटीनंच माझा हात भाजला होता. मी चुन्याचा पांढरा कोबा करून घेतला. सासूबाईंचं मन राखायला उंबऱ्याबाहेरची पट्टी तेवढी सारवली. ती त्या स्वतः सारवायच्या, रांगोळीसकट.

सुताराला बोलावून टेबल करून घेतलं. त्याला सांगितलं, चारी बाजूंनी बोटभर काठ पाहिजे, परातीला असतो तसा. तो म्हणाला, टेबलाला काठ कोणी लावतं का? मी मूठभर हरभरे घरातल्या चौरंगावर टाकले आणि त्यालाच गोळा करायला लावले. मग त्यानं काठ लावला. नळकांडी उभी करायला एक जाड फळी घेऊन तिला ओळीनं भोकं पाडली. मोकळं नळकांडं उलटं ठेवायचं, दारू घातली की सुलटं. कोणी मध्येच हाक मारली तरी पुन्हा बसल्यावर शंका नको. दारूचा डबा एका भिंतीला, टोप्यांची डबी समोरच्या भिंतीला. एक उघडं असताना दुसरं टेबलावर येणार नाही. दारू घ्यायला लाकडी चमचा, झाडायला मऊ शिंदीची केरसुणी, घासून ठिणगी पडेल असं लोखंड कुठेही नाही. वहाणा बाहेर काढायच्या, कारण आमच्याकडच्या वहाणांच्या तळाला खिळे असतात.

आणि दाराबाहेर, उजव्या हाताला, एक कोनाडा. मलकापूरच्या त्या म्हाताऱ्या राखणदाराच्या नावानं. बिडी, आगपेटी, चिलीम, जे काही असेल ते तिथे ठेवायचं आणि मग उंबरा ओलांडायचा.

पहिल्या दिवशी मामाजी कानाला बिडी लावून आले. मी गाईला पेंड घालत होते. त्यांच्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून मी दाराशी बोलले. "ओ दरवाजेबुवा, आगपेटी भाईर."

मामाजी थबकले. मग खांद्यावरच्या बंदुकीला म्हणाले, "घे, आता तुले बी सासू आली." पण बंडीच्या खिशातून आगपेटी काढून कोनाड्यात आपटली.

तेव्हापासून तो आमचा रोजचा पाठ झाला. मी दाराला सांगायची, ते बंदुकीला तक्रार करायचे. कधी मुद्दाम विसरल्यासारखं करायचे, माझं लक्ष आहे की नाही ते बघायला. मी पाळण्याजवळ असले तरी तिथून ओरडायची. मार्गशीर्षात मला मुलगी झाली होती. ती रांगायला लागली तेव्हा मी बिनघोर होते. चूल तिच्या जागी, दारू तिच्या जागी, दोघींच्या मध्ये अख्खं अंगण. एकदा शेजारगावचा एक परवानेवाला काडतुसं भरायला आला आणि बिडी ओढत उंबऱ्यापर्यंत पोचला, तर मामाजींनी आतूनच आवाज दिला, "कोनाडा पाह्य आधी. नाई तं दरवाजा बोलते आमचा." मी गोठ्यात तोंडाला पदर लावून हसले. जिंकले, असं मला वाटलं. तिथेच माझं चुकलं.

दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी घरातल्या प्रत्येक अवजाराची पूजा होते आणि तीही त्याच्या जागेवर जाऊन. जात्याची जात्यापाशी, उखळाची उखळापाशी. त्या खोलीत सणाची गर्दी नको म्हणून बंदुकीबद्दल मी आधीच सासूबाईंकरवी कळवून ठेवलं होतं की तिला ओसरीवर आणावं. मामाजींनी आणली. गंध, झेंडूची माळ, सोनं म्हणून आपट्याचं पान, सगळं झालं. बंदुकीला ओवाळूनही झालं. मग मामाजी खोलीकडे गेले. डुकरांचा जोर होता आणि सकाळी भरायला घेतलेली काडतुसं अर्धी राहिली होती.

सणाला मामाजींची थोरली बहीण सुलतानपूरहून आली होती. घरात तिचा शब्द शेवटचा. ती मला म्हणाली, "सूनबाई, अवजारं राह्यली नं. ताट घे अन् घरभर ओवाळून ये."

मी निरांजन लावलं, ताट घेतलं, दहा महिन्यांची लेक कडेवर. जात्याला ओवाळलं. उखळाला ओवाळलं. विळा, भाजी चिरायची पावशी, कोपऱ्यातली पेरणीची तिफण. गोठ्यात जाऊन दावणीला ओवाळलं. पुढे ती खोली होती, तिच्यात ते काठाचं टेबल आणि भोकांची फळी. तीही अवजारंच. मी वहाणा काढल्या. ते मात्र आठवणीनं केलं. आणि उंबरा ओलांडला.

आज इतक्या वर्षांनी विचार करते तेव्हा कळतं. चुलीतला विस्तव मला आग दिसायचा, बिडी आग दिसायची, आगपेटी तर दिसायचीच. पण ताटातलं निरांजन मला जन्मात कधी आग वाटलंच नव्हतं. तो दिवा होता. दिव्याला कोणी बाहेर ठेवतं का?

मामाजी टेबलापाशी होते. दारूचा डबा उघडा होता. त्यांनी मान वर केली आणि त्यांचा चेहरा असा झाला की मी जागीच थांबले. ते दोन ढांगांत पुढे आले, डावा हात डब्याच्या बाजूनं आडवा धरला आणि उजव्या हाताच्या चिमटीत जळती वात धरून चुरडली. तुपाचा धूर वर गेला. त्यांची बोटं भाजल्याचा वास मला आला.

आत्यासासूबाई मागे दारात उभ्या होत्या. "अरे भाऊ!" त्या किंचाळल्या. "दसऱ्याच्या दिवशी तेवता दिवा इझवला? घरावर काय आनतं बे?"

देवाचा दिवा कोणी विझवत नाही. दिवा विझला असंसुद्धा म्हणत नाहीत. आणि मामाजी तर वडिलांनी पाट जिथे मांडला तिथून तो तीन हात हलवायला तयार नसलेला माणूस. आता माझी खैर नाही, हे मला कळलं. खोली जाणार हेही कळलं. जिनं नियम केला तिनंच मोडला, तर नियम कोणाच्या तोंडानं मागायचा? लेक मात्र ताटातल्या झेंडूकडे हात करत होती.

मामाजींनी बहिणीकडे पाहिलं नाही. बंदुकीकडे नाही, दाराकडेही नाही. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ते सरळ माझ्याकडे बघून, माझ्याशी बोलले.

"सूनबाई," ते म्हणाले, "आगपेटी भाईर."

मी मागे सरकले. उंबऱ्याबाहेर आले आणि ताट कोनाड्यात ठेवलं. मला रडू फुटलं. मामाजींनी भाजलेली बोटं धोतराला पुसली, डब्याचं झाकण घट्ट लावलं आणि माझ्या मागोमाग बाहेर येऊन त्याच हातानं लेकीला माझ्या कडेवरून उचलून घेतलं.

"दिव्याचं काय घेऊन बसली, बाई," ते बहिणीला म्हणाले. "दिवा पुन्हा लावता येते."