तिसऱ्या फोनची वाट

"घरात कधी कॉफी बघितली नाही का तुम्ही? त्यांनी विचारलं आणि लगेच कप पुढे!" पाहुणचार आटपून परतताना गाडीत आई बापाला फाडून खात होती.

"मला प्यायची होती," बाप म्हणाला.

"प्यायची होती तर दोनदा नको म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायची. एवढंही कळत नाही?"

मागच्या सीटवर लहानगी आर्डिस झोपेचं सोंग घेऊन ऐकत होती. तेव्हा जे डोक्यात बसलं ते पुढे हललं नाही. अमेरिकेत मिनेसोटातल्या आमच्या कौंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सगळे तसेच, पण आर्डिस क्वामे त्यात पट्टीची. नवरा गेल्यावर मुलाला, लाइलला, हाताशी घेऊन तिने गोठा चालवला. गाईंना नावं दिली, दलालांना नावं ठेवली.

मग कोरोनाची साथ आली. शाळा बंद, हॉटेलं बंद. डेअरीने सांगितलं, दूध पाठवू नका. रोज धारा काढायच्या आणि दूध शेणाच्या खड्ड्यात ओतायचं. सरकारने शेतकऱ्यांना मदत जाहीर केली, तसा कौंटीच्या शेती कार्यालयातून प्रिएटोबाईंचा फोन आला. त्या टेक्सासच्या, नुकत्याच बदलून आलेल्या.

"क्वामेबाई, तुमचा अर्ज भरू ना?"

"नको हो, आमचं चाललंय. ज्यांचं अडलंय त्यांना द्या."

आठवड्याने पुन्हा फोन. पुन्हा तेच उत्तर, जरा मऊ आवाजात. मग आर्डिस फोनजवळ खुर्ची ओढून विणत बसली. लोकर संपली, पण फोन काही वाजला नाही.

एका संध्याकाळी लाइल म्हणाला, "आई, गाईंच्या खाण्याला पैसे नाहीत. शुक्रवारी दलालाचा ट्रक येतोय. सगळ्या देऊन टाकतो."

"सगळ्या?"

"मग काय, दोन ठेवून त्यांच्याशी पत्ते खेळू?"

दुसऱ्या दिवशी आर्डिसने चर्चला जायचा कोट चढवला. साथीमुळे कार्यालयाला कुलूप, बोलायचं ते खिडकीतून. तिने काच ठोठावली.

"मदत हवीय मला." कान तापले होते, मान मात्र ताठ.

"पण तुम्ही दोनदा नको म्हणालात!"

"दोनदाच ना? तिसऱ्यांदा कुठे विचारलंत?"

प्रिएटोबाई खिडकीतून पुढे वाकल्या. "आमच्याकडे भूक लागली की माणूस ताट पुढे करतो, बाई."

"बरं आहे तुमचं. आमच्याकडे उपाशी बसतो आणि स्वयंपाकाची तारीफ करतो."

बाई इतक्या हसल्या की मास्क घसरला. "म्हणजे बाकीचेही नको म्हणाले ते..."

"लावा त्यांना फोन. मी आले होते हे तेवढं सांगू नका."

खिडकीतच सही झाली. शुक्रवारी ट्रक रिकामा परत निघाला. दलाल कुरकुरला, "डिझेलचे तरी द्या." आर्डिसने त्याच्या हातावर केकचा तुकडा ठेवला आणि फाटक लावलं.

बातमी फुटायची ती फुटलीच. रविवारी चर्चबाहेर शेजारणीने गाडीची काच खाली केली. "काय गं, खिडकीशी सगळ्यात आधी तूच म्हणे?"

"रांगच नव्हती," आर्डिस म्हणाली.

पुढे काही वर्षांनी एका दुपारी आर्डिस गेली. त्या दिवशी सकाळी वासरांची दूधपावडर संपली होती. ती पिकअप घेऊन दुकानात गेली, पोती घेऊन आली. लाइल उतरवायला धावला तर म्हणाली, "मी काय शोभेला गेले होते?" एक पोतं फोडलं, कोमट पाण्यात पावडर कालवली, सगळ्यात धाकटीला आधी पाजलं, मग बाकीच्यांना. बादली धुतली आणि कठड्यावर उपडी घातली.