भाजल्याची बादली

माझ्या आईकडे एक बाटली होती. चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल निम्मं निम्मं घेऊन घुसळायचं, पांढरं लोणी व्हायला लागलं की थांबायचं, एवढीच तिची कृती. देवळ्याजवळच्या खेड्यातून लग्न होऊन ती नाशकात आली ती फक्त चौथी शिकलेली, बोलण्यात 'लय' आणि 'नाय'. शेजारणी शहरी, मॅट्रिक झालेल्या. सुरुवातीला त्या तिच्या बोलण्याला तोंडावर पदर धरून हसायच्या. पण कुकरची वाफ लागली किंवा इस्त्री टेकली, की त्याच शेजारणी "वहिनी, बाटली आहे ना?" करत आमच्या दारात हजर. मग आई पदर खोचून सावकाश उठायची. त्या सावकाश उठण्यात तिचा सगळा मान होता, आणि तो तिने एका बाटलीवर मिळवलेला होता.

तिचा एकच कडक नियम होता. भाजल्यावर पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, पाण्याने फोड येतो. हे फक्त तिचंच मत होतं असं नाही. गल्लीतल्या मॅट्रिकवाल्यांनाही ते तितकंच ठाम माहीत होतं.

मी दहा वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. नव्वदीची सुरुवात. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कुरडया पाळीपाळीने व्हायच्या, आज हिच्या गच्चीवर, उद्या तिच्या. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, त्यातून चीक काढायचा आणि सकाळी ऊन चढायच्या आत मोठ्या पातेल्यात तो शिजवायचा. शिजलेला चीक गरम असतानाच सोऱ्यात भरून दाबावा लागतो, गार झाला की तुटतो. म्हणून गच्चीवर सगळी लगीनघाई. आम्हा पोरांचं लक्ष मात्र कुरड्यांवर नसायचं. वाटीत गरम चीक, त्यावर तेलाची धार, एवढ्यासाठी आम्ही परीक्षा संपल्यापासून दिवस मोजायचो.

त्या दिवशी पाळी आमची होती. आई लाकडी चाटूने चीक घाटत होती आणि मी सगळ्यात आधी वाटी पुढे केली. मी जन्माचीच उतावळी. आईने वाढायच्या आधीच हात चाटूखाली नेला आणि चिकाचा एक गोळा माझ्या उजव्या हातावर पडला, मनगटावरच्या हिरव्या बांगड्यांच्या खाली सरकला. उकळतं पाणी निदान ओघळून जातं. चीक चिकटून बसतो आणि पोळतच राहतो.

मी किंचाळले. सोऱ्या दाबणाऱ्या बायका हात ओले करायला पाण्याची बादली घेऊन बसतात, ती माझ्यापासून दोन हातांवर होती. शेजारच्या काकूंनी ती माझ्याकडे ओढलीसुद्धा. आईने त्यांचं मनगट धरलं.

"पानी नको! फोड येतील पोरीला!"

चीक फडक्याने पुसला गेला, आणि चिकाबरोबर थोडी कातडीही गेली. मग बाटली आली. तोवर गच्चीवर वैद्यांचं संमेलन भरलं होतं. कुणी टूथपेस्ट म्हणे, कुणी शाई, कुणी किसलेला बटाटा, कुणी हळद. आईने सगळ्यांना गप्प केलं आणि स्वतःच्या हाताने पांढरं लोणी जाड थापलं. मला आठवतं, तिने एकदाही मागेपुढे पाहिलं नाही. तिची खात्री होती.

संध्याकाळपर्यंत हात सुजला, फोड तर आलेच, आणि बांगड्या मांसात रुतल्या. नाक्यावरच्या डॉक्टरांनी आधी छोट्या पक्कडीने त्या बांगड्या तोडल्या. टिटॅनसचं इंजेक्शन दिलं, तेल निपटून काढताना मी त्यांच्या टेबलावर लाथा झाडल्या. मग त्यांनी आईला विचारलं, "पाणी किती वेळ ओतलं होतं, ताई?"

"एक थेंब लागू दिला नाय," आई अभिमानाने म्हणाली.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, आई भांडली असती. ते शांतपणे म्हणाले, "भाजलेली जागा वरून थंड दिसली तरी आत पोळणं चालूच असतं. लगेच साधं गार पाणी वीस मिनिटं ओतलं असतं, तर पुष्कळसं तिथेच थांबलं असतं. तेलाने उष्णता आत कोंडली जाते. आणि बांगडी, अंगठी सूज यायच्या आत काढायची."

आई घरी येताना रिक्षात सगळा वेळ बाहेर बघत होती.

हात भरून यायला महिना लागला. मनगटाजवळ खारकेएवढा डाग मात्र राहिला. डॉक्टरांकडे जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवसापासूनच ती बाटली टाचांच्या भेगांसाठी मोरीत गेली, आणि आईने गल्लीत घरोघर जाऊन सांगितलं, "माझं औषध चुकीचं हाय. भाजलं तर पानी." हे सांगायला केवढी छाती लागते ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, आता आपल्याकडे कुणी येणार नाही. आईलाही तेच वाटत असावं, कारण ती प्रत्येक घरातून लवकर परत येत होती.

पण लोक येतच राहिले. आईने मोरीशेजारी सावलीत एक निळी बादली ठेवली, झाकण घालून. नाशकाच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की नळाखाली हात धरून काही उपयोग नसतो. म्हणून सकाळी नळ आला की ही बादली भरायची आणि दिवसभर कुणी तिला शिवायचं नाही. वडिलांनी एकदा त्यातून चूळ भरली, तर त्यांना आठवडाभर ऐकावं लागलं. बर्फही चालायचा नाही. "बर्फानंबी कातडी जळती," अशी खात्री ती डॉक्टरांकडून करून आली होती.

वीस मिनिटं मोजायची कशी, हा प्रश्न तिने तिच्या पद्धतीने सोडवला. घड्याळ बाहेरच्या खोलीत, मोरीतून दिसायचं नाही. म्हणून भाजलेल्या पोराने दोन ते तीसचे पाढे म्हणायचे आणि ते संपेपर्यंत आई तांब्याने पाणी ओतत राहणार. रडत, अडखळत म्हणणाऱ्याला बरोबर वीस मिनिटं लागत. हुशार पोराला मात्र दोनदा म्हणावे लागत, आणि हा अन्याय आहे अशी तक्रार एका पोराने हुंदके देत केल्याचं मला आठवतं. मोठी माणसंही सुटत नसत. आमच्या गल्लीत फटाके उडवायच्या आधी पोरं पाढ्यांची उजळणी करत, ही काही थट्टा नाही.

बाकीचं शास्त्र तिने तीन वाक्यांत बसवलं होतं. "नुसतं लाल झालं तर पानी. फोड आला तर पानी, वर स्वच्छ फडकं, फोड फोडायचा नाय, अन् डॉक्टर. कातडी पांढरी पडली अन् पोर म्हनलं दुखत नाय, तर मंग चप्पल शोधत बसू नका, रिक्षा." कुरड्यांच्या दिवशी पातेल्याभोवती खडूने रेघ आखायची. रेघेच्या आत पोर दिसलं तर चीक बंद.

सगळं बदललं, एक सोडून. माझ्या त्या डागाकडे आई बघत नसे. वेणी घालताना, जेवायला वाढताना, कधीच नाही. ती मला त्याबद्दल एक शब्द बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. लग्नात कासारीण चुडा भरायला आली. डाव्या हाताच्या बांगड्या आईने स्वतः निवडून दिल्या. उजवा हात पुढे केला तशी ती "दूध उतू चाललंय" म्हणत उठली. गॅसवर दूध नव्हतं. मला तिचा तेव्हा फार राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं.

पुढची गोष्ट दोन हजार सालानंतरची. माझं सासर नाशकातच, त्यामुळे कुरड्यांना मी दरवर्षी माहेरी. गल्लीतल्या निम्म्या जणी आता कुरडया विकत आणायच्या, पण आईची गच्ची चालू होती. चूल जाऊन गॅसची शेगडी आली होती. खडूची रेघ होती, आणि कुरड्यांच्या दिवसापुरती गच्चीवर आणलेली निळी बादली होती. त्या दिवशी पातेलं उतरवताना आईचीच पकड निसटली आणि डाव्या हातावर चीक सांडला.

मी आधी पाणी ओतलं, ओततानाच तिच्या बांगड्या उतरवल्या आणि तिला बादलीजवळ बसवलं.

"जाऊ दे, एवढंसं हाय," ती म्हणाली.

"पाढे," मी म्हणाले.

"मला कुठं येत्यात? मी चौथीवाली."

मग मीच सुरू केले. बेचा, तीनचा, चारचा. पाणी ओतत होते आणि आई मान हलवत ऐकत होती. बाराच्या पुढे तिचे ओठ हलायला लागले. सतराच्या पाढ्यात मी नेहमीसारखी अडखळले. सतरा साते किती ते आठवत होते, तोच आई म्हणाली, "एकशे एकोणीस."

मी बघतच राहिले. पुढचे पाढे तिने म्हटले. एकोणीस, तेवीस, एकोणतीस, एकही चूक नाही.

"कधी शिकलीस गं?"

"इतक्या वर्सांत तुमा पोरांचे हात धरून बसले ना, मंग येनारच."

तीस दाहे तीनशे झालं. हात नुसता लाल होता, फोड नव्हता. मी तांब्या खाली ठेवला, तर तिने माझा उजवा हात धरला आणि त्या डागावर अंगठा ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"ह्याच्यावर पानी टाकायला पाहिजे व्हतं," ती म्हणाली. "बादली जवळच व्हती."

"तुला तेव्हा ठाऊक नव्हतं, आई."

"नव्हतं. पन बादली जवळ व्हती."

मला रडू आलं, आणि लपवावंसंही वाटलं नाही. तिने भाजलेला हात मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने बादलीतून तांब्या भरला आणि माझ्या डागावर पाणी ओतायला लागली. हळूहळू, धार न तुटू देता.

"म्हन," ती म्हणाली. "बे एके बे."

मी म्हणायला सुरुवात केली.