भवानीचं कापड

जुन्या हुबळीतल्या आमच्या कापडदुकानात एक नियम होता: दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी, आणि भवानीचं कापड अप्पांनीच कापायचं. अप्पा म्हणजे माझे वडील. दुसरा नियम त्यांचाच. कापताना कात्रीकडं बघायचं नाही. गिऱ्हाइकाकडं बघत, कन्नडात लेकराबाळांची चौकशी करत कात्री सोडायची. कात्रीकडं बघणारा कच्चा. मला हे जमायला दोन वर्षं लागली, आणि तेव्हा खाल्लेल्या शिव्या अजून तोंडपाठ आहेत.

म्हणून अप्पांच्या हातचा ब्लाउजपीस पहिल्यांदा वाकडा निघाला तेव्हा मी हसले. तिसऱ्यांदा निघाला तेव्हा चिडले. "कात्रीकडं बघा की जरा," म्हटलं. त्यांनी बघितलं, तर हात जास्तच थरथरला. मला काही कळेना. हात मांडीवर असला की स्थिर. कापडाचा गठ्ठा उचलायची ताकद शाबूत. पण पेनाला टोपण लावायला गेले की पेन इकडं आणि टोपण तिकडं. अशक्तपणा म्हणावा तर तो नाही. मग हे काय? पुढं पाय फाकवून चालायला लागले, बोलणंही जड झालं.

शेजारचा भांडीवाला हळूच म्हणाला, "अक्का, अप्पांची संगत बघा जरा." अप्पांनी जन्मात कधी सुपारीही खाल्ली नव्हती. तरी संशय डोक्यात शिरला तो शिरलाच. एका संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर झोकांडले. मी सावरायला धावले आणि सावरता सावरता त्यांच्या तोंडाचा वास घेतला. लवंगेचा होता. दारूचा वास दडवायला लोक लवंगच चघळतात, म्हणून मी आणखीच गोंधळले. अप्पांच्या लक्षात आलं नसेल, असं मी धरून चालले.

शेवटी त्यांना धारवाडला डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी स्वतःचं बोट पुढं धरलं. "याला लावा, मग तुमच्या नाकाला." अप्पांचं बोट निघालं नीट, पण नाकाजवळ येता येता डळमळलं आणि गालावर टेकलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "दारू पिता का?"

अप्पा एकेक शब्द जुळवत म्हणाले, "हिला विचारा. हिनं वास घेतलाय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टर पुढं बरंच बोलले, त्यातलं अर्धंच डोक्यात शिरलं. हात उचल, हे मोठा मेंदू सांगतो. पण किती वेगानं जायचं, कुठं थांबायचं, हे वाटेत जुळवून घ्यायला डोक्याच्या मागं लहान मेंदू असतो. अप्पांचा तो आक्रसत चाललाय. ताकद आहे, नेम नाही. बरं होईल का विचारलं, तर म्हणाले, "आहे ते टिकवू." परतताना बसमध्ये मी विचार करत राहिले. इतकी वर्षं न बघता सरळ कापायचं ते कोण? अप्पा, की तो डोक्यामागं बसलेला? आणि तो थकला, तर अप्पांचं काय उरलं? मला अजून सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिली बाई आली ती परकरासाठी पॉपलीन घ्यायला. मी मापून कापड पुढं सरकवलं. अप्पांनी कात्रीला हातच लावला नाही, नुसते बसून राहिले. भवानी त्यांच्या हातून सुटली तर ते उद्या दुकानात येणार नाहीत, हे मला दिसत होतं. मला एकदम आठवलं, पॉपलीन फाडताही येतं. काठाला बोटभर काप दिला की कापड आपल्या धाग्यानं सरळ फाटत जातं. मी काप दिला आणि दोन्ही कडा त्यांच्या मुठींत दिल्या. त्यांनी ओढलं. टर्रकन फाटलं, अगदी सरळ. बाई कापड घेऊन गेली.

"झाली भवानी," मी म्हटलं.

"कुणाची?"

"तुमचीच की."

"काप तू दिलास."

माझ्या तोंडून दुसरंच निघालं. "अप्पा, त्या दिवशी पायरीवर मी..."

"जीभ जड पडाय लागली होती," ते हळूहळू म्हणाले. "लवंगेमुळं बोलणं जड वाटावं, तुला कळू नये, म्हणून चघळत होतो गं."