कोढ आणि कोड

शरयूबाई बोधनकरांना चुकीचं छापलेलं वाचलं की खरोखर मळमळायचं. भातात केस सापडावा तसा तो कागद त्या दोन बोटांत धरून लांब करायच्या आणि "शी!" म्हणायच्या. नागपुरात एल.एम.पी. करून डॉक्टर झालेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या, तोंडाने फटकळ. वर्ध्याला एका खासगी सेवासंस्थेच्या वर्गात त्या विकृतिशास्त्र शिकवायच्या, म्हणजे रोगाने शरीरात नेमकं काय बिघडतं ते. शिकणारे सगळे खेड्यांत फिरून महारोगी शोधणारे सेवक. रोग्यांच्या चिघळलेल्या जखमा बाई नाकाला पदर न लावता धुवायच्या. त्यांना किळस यायची ती पुस्तकाची.

साल चोपन्न. वर्धा तेव्हा मध्यप्रदेशात होतं आणि पुष्कळसं ज्ञान हिंदीतून येऊन मराठीत उतरायचं. वर्गाचं पाठ्यपुस्तकही तसंच उतरलं होतं. उतरवणारे संस्थेचे चिटणीस अण्णाजी. खादी स्वच्छ, भाषण लांब, आणि रोग्याला जन्मात हात लावलेला नाही. हिंदी शब्दाला मराठी टोपी घातली की झालं भाषांतर, अशी त्यांची समजूत होती. त्या पुस्तकाची कच्ची पानं तपासायचं काम शरयूबाईंच्या गळ्यात पडलं.

पहिल्याच प्रकरणात 'या रोगात स्नायू जाड होतात' असं होतं. हिंदीतला स्नायू म्हणजे आपली मज्जातंतूंची नस. मराठीत स्नायू म्हणजे दंडातलं मांस. पण अण्णाजींना त्याचं काय! एक दिवस बाई वर्गात शिरल्या, तर कच्ची पानं वाचून सगळे सेवक बाह्या सारून एकमेकांचे दंड दाबून पाहत होते. वखर चालवून चालवून सगळ्यांचेच दंड टणक झालेले. निम्मा वर्ग महारोगी ठरला होता आणि उरलेला निम्मा घाबरून बसला होता. बाईंना हसूही आलं नाही. "कोपराजवळची नस चाचपायची रे, दंड नाही!" म्हणून त्यांनी फळ्यावर हात काढून दाखवला.

पुढचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. त्याचं नाव होतं 'कोड'. कोड जंतूंमुळे होतं, ते संसर्गाने पसरतं, चट्ट्यावर टाचणी टोचली तरी कळत नाही, रोग्याला घराबाहेर वेगळं ठेवावं. हिंदीत महारोगाला कोढ म्हणतात. आणि मराठीत कोड म्हणजे नुसते पांढरे डाग. ना जंतू, ना संसर्ग, ना बधिरपणा. कातडीचा रंग गेला, एवढंच. हे बाईंना सांगावं लागत नव्हतं, आणि जवळच्या आंजी गावातल्या कुठल्या म्हातारीलाही सांगावं लागत नव्हतं. बाईंनी प्रत्येक 'कोड' लाल शाईने खोडून 'महारोग' लिहिलं आणि पानं घेऊन त्या अण्णाजींकडे गेल्या.

"अहो बाई, उगाच रक्त आटवता," अण्णाजी म्हणाले. "हिंदीत गढ, मराठीत गड. हिंदीत कोढ, मराठीत कोड. नियमच आहे तो."

"मग पिढीची पिडी करा आणि आजोबांना सांगा, तुमची तिसरी पिडी आली म्हणून!"

"मूळ पुस्तक सरकारमान्य आहे."

"मूळ बरोबरच आहे हो. घाण तुम्ही केली."

अण्णाजींनी चष्मा पुसला. स्नायूंचं त्यांनी मान्य केलं, उपकार केल्यासारखं. पण 'कोड' तसंच छापलं गेलं, कारण पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशनाचा दिवस ठरला होता आणि प्रकरणाचं शीर्षक बदलायला अण्णाजींचा मान आडवा येत होता. समारंभात बाईंना गुलाबाचं फूल मिळालं. ते त्यांनी दाराबाहेरच्या नालीत टाकलं.

पावसाळा सरल्यावर तानबा नावाचा सेवक आंजीहून परतला. वर्गातला सगळ्यांत आज्ञाधारक. "बाई, एक केस पकडली," त्यानं छाती फुगवून सांगितलं. "नत्थूची बायको, धुरपता. दोन्ही हातांवर अन् मानेवर पांढरंफेक कोड. पुस्तक वाचून दाखवलं घरच्यांले. लगेच वेगळी ठेवली त्यायनं."

"टाचणी टोचून पाहिलीस?"

"कायले बाई? पुस्तकात लिवलंच हाय न, कळत नाई म्हनून."

बाईंनी तानबाला बैलांच्या दमणीत घातलं आणि तडक आंजी गाठली.

धुरपता गोठ्यात होती. शेणाच्या वासात, गोणपाटावर. तिचं दूधपितं पोर घरात सासूजवळ रडत होतं आणि तिची चोळी भिजली होती. लग्न होऊन आली तेव्हाही ते डाग होते. तेव्हा कोणी हूं की चूं केलं नव्हतं. गावाला कोड म्हणजे कोड हे ठाऊक होतं. पुस्तक आलं आणि माणसं आपली अक्कल विसरली.

बाईंनी तिला अंगणात आणलं, डोळ्यांवर तिच्याच पदराची पट्टी बांधली आणि सगळ्यांसमोर कापसाच्या टोकानं एकेका डागाला स्पर्श केला. "कळलं की बोट ठेव." धुरपता दर वेळी अचूक त्या जागी बोट ठेवत गेली. बाईंनी तिच्या कोपराजवळची नस चाचपली, कानाची पाळी पाहिली. कुठेच काही नव्हतं.

"हिला तो रोग नाही. पोर द्या तिच्याजवळ," बाई म्हणाल्या.

सासू शकुबाई नातवाला पोटाशी धरून मागं सरली. "तुमी तोंडी सांगता बाई. ते छापेल हाय."

बाईंनी खूप डोकं फोडलं. नत्थू आईच्या आडच उभा राहिला. शेवटी बाई परतल्या आणि अण्णाजींच्या टेबलावर ते पुस्तक आपटून म्हणाल्या, "शुद्धिपत्र छापा. नाहीतर मी बाजाराच्या दिवशी चौकात उभी राहून तुमचं हे प्रकरण मोठ्यांदा वाचते." अण्णाजींनी छापलं. एवढुसा कागद, खाली त्यांचीच सही: 'कोड' ऐवजी 'महारोग' वाचावे, कोड सांसर्गिक नाही. चूक कोणाची ते न सांगणारा तो कागद बाईंना हातात धरवत नव्हता, पण धरला आणि पुन्हा आंजीला गेल्या.

या वेळी तानबानं वाचून दाखवलं. शकुबाईनं दोनदा ऐकलं आणि तिचा चेहरा मोकळा झाला. "छापखान्याची चूक म्हना की! आमाले काय मालूम बाप्पा." शेजारी हसले. कोणी चहाचं आधण ठेवलं. नत्थूनं पोर उचललं आणि गोठ्याच्या दाराशी जाऊन म्हणाला, "चाल वं, घरात चाल. आता काई नाई."

काल जिच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नव्हतं, तिला आज चहाला बोलावत होते. बाईंच्या तोंडून "शी!" निघून गेलं.

धुरपता उठली. नत्थूच्या हातून तिनं पोर घेतलं, छातीशी लावलं, पण ती घराकडे वळली नाही. ती बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"बाई, एक इचारू? मले खरंच तो रोग असता तं?"

"आता त्यावर गोळ्या आहेत. माणूस बरं होतं," बाई म्हणाल्या.

"गोळ्याचं नाई इचारत. तुमी कापूस लावला असता, मले कळलं नसतं, मंग तुमीबी म्हटलं असतं न, बराबर हाय पुस्तक? अन् मी तिकडं शेनातच राह्यली असती?"

बाईंना ती तपासलेली पानं आठवली. एका शब्दासाठी त्या अण्णाजींशी हमरीतुमरीवर आल्या होत्या. 'घराबाहेर ठेवावं' या शब्दांना त्यांची लाल शाई लागलीच नव्हती. आता त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

"वर्ध्यावरून मले सिंदीले सोडा," धुरपता म्हणाली. "भाऊ हाय तिथं माहा. ह्या घरात मी आता झोपत नाई."

नत्थू हाका मारत राहिला. धुरपता पोर घेऊन दमणीत चढली. शरयूबाई सरकून बसल्या, आणि वर्धा येईपर्यंत त्यांना तिच्याकडे मान वर करून पाहता आलं नाही.