वाळवीच्या नादाला लागलेली माणसं

वाळवीवर काम करणाऱ्याला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपणहून लागतात. मी सोलापुरात प्राणिशास्त्र शिकवते. कुणाच्याही दाराची चौकट पोखरली की फोन मला. "मॅडम, तुमची मंडळी आमच्याकडं आलीत. घेऊन जावा."

*

वर्गात सांगितलं, वाळवी मुंगीच्या कुळातली नव्हे, झुरळाच्या. तिचे पूर्वज लाकूड खाणारी झुरळंच. शुक्रवार पेठेतली आफरीन गंभीरपणे म्हणाली, "म्हणजे झुरळ आलं तर पाहुणा, अन् वाळवी लागली तर भाऊबंदकी."

परीक्षेत तो प्रश्न कुणाचाच चुकला नाही.

*

आमचे लॅब अटेंडंट शिवप्पा अक्कलकोटकडचे. एकदा रस्त्याच्या कामात फुटलेल्या वारुळात राणी सापडली. बोटाएवढी जाड, जागची हलू न शकणारी. कामकरी तिला भरवतात, ती अखंड अंडी घालते. शिवप्पांनी बराच वेळ पाहिलं.

"राणी कसली हो मॅडम? बाळंतीण हाय की ही. खोलीतनं सुटकाच न्हाय."

इतकी वर्षं मी 'राणी' शिकवत होते.

*

नातेपुत्याजवळ एका शेतकऱ्याला वारुळातली बुरशीची बाग दाखवली. वाळवी पालापाचोळा आणून ती वाढवते आणि खाते.

"आपल्या आधीपासनं शेती करती व्हय ही?"

"माणूस नव्हता तेव्हापासून."

त्यानं टोपी मागं सारली. "मग सातबारा तिच्याच नावावर पायजे की."

*

वेळापूरकडची सुनीता माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिला एम.एस्सी. करायची होती. तिच्या वडिलांनी, मारुतीआबांनी, दोन कामं ठरवली होती: माळावरचं वारूळ जेसीबीनं सपाट करायचं आणि बी.एस्सी. संपली की सुनीताचं लग्न उरकायचं.

ती भांडली नाही. प्रोजेक्टसाठी म्हणून मला आणि आबांना माळावर घेऊन गेली. बुड कापलेले दोन डबे जमिनीत ठोकले, एक उघड्या माळावर, एक वारुळाशेजारी. दोन्हींत तांब्या-तांब्या पाणी ओतलं. माळावरचं तसंच उभं राहिलं. वारुळाजवळचं बघता बघता जिरलं.

"वाळवीनं आतनं वाटा केल्यात, आबा. पाऊस हितंच मुरंल."

आबा उकिडवे बसले. स्वतः आणखी एक तांब्या ओतला. तोही जिरला. मग उठून ते घरी निघून गेले.

आठवड्याभरानं आबा एकटेच कॉलेजात आले. माझ्यासमोर खुर्चीच्या कडेला टेकले.

"जेसीबीवाल्याला परत पाठवलं, मॅडम."

"बरं केलंत, आबा."

ते घोटभर पाणी प्यायले.

"पोरगी बघाया आलेल्या पाव्हण्यांनाबी."