सर्व्हररूममधल्या टायपिस्टबाई

एंटर दाबण्याआधी बाई नेहमी थांबायच्या. पडद्यावर टाईप केलेल्या ओळीखाली बोट धरून ती मोठ्यानं वाचायच्या, मधल्या मोकळ्या जागांसकट. मगच एंटर. लातूरच्या एका खासगी रुग्णालयात मी नोकरीला लागले, त्या पहिल्या दिवशी हे पाहून मला हसू आवरेना.

बाई कंधारच्या. तिथंच टायपिंगची परीक्षा देऊन त्या या रुग्णालयात टायपिस्ट म्हणून आल्या. पुढं संगणक आले, बाई शिकत गेल्या आणि रुग्णालयाचे तिन्ही सर्व्हर त्यांच्या हाती आले. सर्व्हर बसवायला पुण्याहून आलेल्या इंजिनिअरनं त्यांना चेष्टेनं 'टायपिस्टबाई' म्हटलं. बाईंना राग आला नाही. "खरंच हाय की. टाईपच तर करून राहिले," म्हणाल्या. तेच नाव पडलं.

त्याच इंजिनिअरनं सर्व्हर सांभाळायला एक नवं पॅनेल बसवून दिलं होतं. रंगीत चौकोन, हिरवे-लाल दिवे, सगळं माऊसनं. मी मुदखेडची, डिप्लोमा नांदेडला केलेला. मला ते फार आवडायचं. बाईंच्या काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, प्रत्येक कामाची कमांड हातानं टाईप करायची. "बाई, दोन क्लिकमध्ये होतं हो," मी म्हणायची. "होतं की. पण काय होतं?" त्या विचारायच्या.

ते मला एका सोमवारी कळलं. ओपीडी भरलेली होती. जुन्या फायली पुसता पुसता मी पॅनेलमधून प्रयोगशाळेच्या रिपोर्टांचं अख्खं फोल्डर उडवलं. किल्लारीहून पहाटेच्या गाडीनं आलेली माणसं खिडकीपुढं रिपोर्टसाठी ताटकळली.

"नेमकं काय केलंस ते सांग," बाई म्हणाल्या.

"क्लिक केलं."

"कशावर?"

मला आठवेना. पॅनेलनं दोनदा काहीतरी विचारलं होतं आणि मी दोनदा 'होय' दाबलं होतं. बाई रागावल्या नाहीत. आदल्या दिवशी काढून ठेवलेल्या प्रतीवरून त्यांनी एकेक फोल्डर परत आणलं. दुपारचे चार वाजले. मोठे डॉक्टर जाब विचारायला आले, तेव्हा मी उठून उभी राहिले. बाईंनी मला हातानं खाली बसवलं. "माझ्या खोलीत झालं. मी बघून राहिले," एवढंच त्या म्हणाल्या. डॉक्टर गेल्यावर माझ्याकडं वळल्या. "टाईप केलेलं मागं वाचता येतं, पोरी. कुठं चुकलं ते बोट ठेवून दाखवता येतं."

त्यांचं हे म्हणणं मला पुन्हा पटलं ते त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या दिवशी. इकडं सर्व्हर अडला आणि मी फोन केला. कंधारच्या मांडवातून, मागं बँड वाजत असताना, बाईंनी अख्खी कमांड तोंडी सांगितली. "आता डॅश. मधी जागा न्हाई. वाचून दाखव." मी वाचली. "हाव, दाब." चित्रातलं बटण असं फोनवरून सांगता आलं नसतं.

पण बटणाशी त्यांचं वैर नव्हतं. प्रयोगशाळेतल्या ताईंचं प्रिंटिंग रोज अडकायचं आणि त्या रोज धावत यायच्या. बाईंनी चार ओळी लिहिल्या आणि त्यावर मला एक बटण करायला लावलं. "तिनं रक्त तपासावं. कमांड कशाला पाठ करावी? आत काय हाय ते आपल्याला माहीत पायजे, बस." मी मनातल्या मनात टायपिंग आणि क्लिक अशा दोन बाजू पाडून ठेवल्या होत्या, बाईंना त्या कधी दिसल्याच नाहीत.

मग त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. औषधं सुरू झाली, पण कंप थांबला नाही. एके दिवशी त्या एक फोल्डर पुसण्याची कमांड वाचत होत्या आणि मध्येच थांबल्या. बोटानं एक मोकळी जागा जास्तीची पडली होती. तेवढ्यानं अर्थ बदलला होता. सर्व्हरवरचं सगळंच पुसलं गेलं असतं.

"सापडली ना, बाई," मी म्हणाले.

"आज सापडली."

मी त्यांना माऊस दिला, पॅनेल उघडून दिलं. बाण पडद्यावर नुसता नाचत राहिला. मी टाईप करते, तुम्ही सांगा, असंही म्हणून पाहिलं. "काही दिवस चालंल. मग लोक म्हणतील, बाईला कशाला बसवून ठेवलं," त्या म्हणाल्या. निवृत्तीला दोन वर्षं होती. त्या स्वतः मोठ्या डॉक्टरांकडं गेल्या आणि राजीनामा देऊन आल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी माझी खुर्ची मागितली. माझ्या लॉगिनमधून त्यांना स्वतःचं खातं बंद करायचं होतं. "मी करते, बाई." "न्हाई. माझं मी करते." डाव्या हातानं उजवं मनगट धरून त्या एकेक अक्षर दाबत गेल्या. तीनदा चुकलं, तीनदा त्यांनी खोडलं. मला बघवेना, पण मी बघत राहिले. आपलं नाव त्यांनी नीट वाचलं आणि एंटर दाबलं.

पडद्यावर काहीच आलं नाही. नुसती पुढची रिकामी ओळ.

"झालं का?" मी विचारलं.

"चुकलं असतं तर सर्व्हर बोलला असता," बाई म्हणाल्या आणि माझ्यासाठी खुर्ची रिकामी करून उठल्या.